तोंडी परीक्षा

सदुसष्ट प्रकल्प-अहवाल. सगळे स्पायरल बांधणीचे,
सगळ्यांच्या प्रस्तावना एकाच घरात वाढल्यासारख्या,
नम्र, नीटनेटक्या, पाहुण्यांपुढे उभ्या.
मागल्या सालापर्यंत 'फर्नेस'चं स्पेलिंग
चार तऱ्हांनी चुकायचं.
त्यावरून मी मुलं ओळखायचे.

कॅन्टीनमधून कटाचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेला.
रोल नंबर एकेचाळीस, मोहसीन शिकलगार.
विषय : ओतकामातले दोष.
वडील उद्यमनगरात, तीस वर्षं
ओतलेल्या तुकड्यावर हातोडी मारून ऐकतात.
खणखणीत वाजला तर गाडीत,
बद्द वाजला तर परत भट्टीत.

म्हटलं, वाळूत ओल किती असावी?
म्हणाला, साडेतीन ते चार टक्के.
पान अठरा. बरोबर.
म्हटलं, म्हणजे किती?
त्यानं टेबलावर रिकामी मूठ वळली,
उघडली,
आणि हवेतला गोळा मधोमध मोडला.
"कडा ढासळाय नकोत, मॅडम. एवढी."

मी रकान्यात मार्क लिहिणार
तेवढ्यात तोच म्हणाला,
"एक विचारू? तुम्ही वाचलाय का ह्यो?"

परवा रात्री, भाकऱ्या उरकल्यावर,
सदुसष्टच्या सदुसष्ट फायली मीच चढवल्या होत्या,
आणि म्हटलं होतं, थोडक्यात सांग,
प्रत्येकी पाच प्रश्न काढून दे.
वाळूचा त्यातलाच. तिसरा.

"नाही रे," म्हणाले.
"मी पण न्हाई," तो म्हणाला.

म्हणजे कुणी न लिहिलेली,
कुणी न वाचलेली ऐंशी पानं.
राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्यानं तेवढी हाताळली,
भोकं पाडली, तार ओवली, दोनशे दहा रुपये घेतले.
पास करायचं तर त्यालाच करायला हवं.

आम्ही हसलो.
मग मधलंच एक पान काढून दोघांनी वाचायला घेतलं.
'कार्यशाळेत पूर्वेच्या खिडक्यांतून
भरपूर नैसर्गिक उजेड येतो.'
मोहसीन म्हणाला, "आमच्या शेडला खिडकीच न्हाई.
उजेड हाय तो भट्टीचा."

अब्बांचं विचारलं.
जानेवारीत कारखान्यात कॅमेरा बसला म्हणे.
"पहिल्या आठवड्यात सतरा तुकडे धरले त्यानं,
अब्बांनी सोडलेले. खोटं कशाला बोलू.
घरी येऊन म्हणले, बरोबर धरलं.
मग जेवले न्हाईत."
आता ते कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसतात,
लाल दिवा लागला की तुकडा उचलून बाजूला ठेवतात.
पगार तोच. अजून तरी.
हातोडी खिशात असते,
साहेब नसले की हळूच वाजवून बघतात.
"एकदा दिवा हिरवा आणि हातोडी बद्द."
मी पुढे वाकले. "मग? कापून बघितला?"
"न्हाई. गाडी भरायची होती."

तो तुकडा आता कुठल्या तरी पंपात
फिरत असेल, किंवा नसेल.

बाहेर सव्वीस जण उभे.
विभागप्रमुखांचं पत्रक ड्रॉवरमध्ये :
पुढल्या सत्रापासून तोंडी परीक्षाही पडद्यावर,
वेळ वाचेल, भेदभाव टळेल.
भेदभावाचं खोटं नाही.
चार वाजेनंतर आलेल्या पोरांना
मी कधीच नीट ऐकलेलं नाही.

"तू पुढं काय करणार?" विचारलं.
हा प्रश्न पाचांत नव्हता.
त्यानं अहवालाची तार नखानं मोजली, एक एक वेढा.
"म्हाईत न्हाई. तुम्ही, मॅडम?"

त्याला किती दिले ते सांगत नाही,
गोपनीय असतं.

पुढची मुलगी दारात आली, अहवाल छातीशी धरून.
म्हटलं, तो बाहेरच राहू दे.
ती घाबरली.
मीही.